गेमिंग संगणकाची जुळणी : ग्राफिक्स कार्ड आणि सोबतचे भाग

गेम चालू असताना संगणकात दोन प्रकारची कामे एकाच वेळी होत असतात. खेळाडूने कोणती कळ दाबली, शत्रू कुठे सरकला, गोळी कुणाला लागली, गाडी वळणावर किती घसरली, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून पडद्यावरचे चित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. हे चित्र सतत नव्याने काढावे लागते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील, तर जेमतेम ७. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात आणि सेकंदाला किती फ्रेम निघतात ते एफपीएस या मापाने सांगतात. प्रोसेसर आणि कार्ड यांपैकी जो भाग मागे पडेल त्याच्या चालीने गेम चालतो. दुसरा भाग तेवढा वेळ रिकामा बसतो. म्हणून भागांचा सुटा सुटा विचार करून जुळणी साधत नाही. कोणता भाग कशावरून ठरतो हा क्रम आधी ध्यानात घ्यावा लागतो, आणि तो क्रम पडद्यापासून सुरू होतो.

मॉनिटर आणि गेमचा प्रकार

१९२० × १०८० मापाच्या, म्हणजे १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० × १४४० च्या १४४०पी पडद्यावर ते ३६.९ लाख होतात आणि ३८४० × २१६० च्या फोर-के पडद्यावर ८२.९ लाख. फोर-के पडदा १०८०पीच्या बरोबर चौपट आहे. पिक्सेल वाढले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे मात्र जवळपास तेवढेच राहते. त्यामुळे पडद्याचे माप ठरल्याशिवाय कार्ड निवडणे हा अंदाजपंचे कारभार होतो.

दुसरे माप रिफ्रेश रेटचे. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रे दाखवू शकत नाही; कार्डाने २०० काढली तरी पडद्यावर ६० च उमटतात. महागडे कार्ड घेऊन जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर तसाच ठेवणाऱ्याचे पैसे इथेच अडकून पडतात. आजकाल १४४ ते १८० हर्ट्झचे मॉनिटर मध्यम किमतीत मिळतात. फ्रेमचा वेग कमीजास्त होताना चित्र फाटल्यासारखे दिसू नये म्हणून मॉनिटर आपला वेग कार्डाशी जुळवून घेतो. एनव्हिडियाने ही सोय २०१३ मध्ये जी-सिंक नावाने जाहीर केली आणि एएमडीची फ्रीसिंक २०१५ मध्ये बाजारात आली. नव्या मॉनिटरमध्ये ही सोय असणे आता गृहीत धरायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न गेमचा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राईक २ सारख्या स्पर्धात्मक खेळांना फार भारी कार्ड लागत नाही. तिथे फ्रेम जास्तीत जास्त आणि अखंड हव्यात, आणि त्याचा बराचसा भार प्रोसेसरवर पडतो. सायबरपंक २०७७ किंवा ॲलन वेक २ सारख्या दृश्यप्रधान गेमचा भार मुख्यतः कार्डावर येतो. एल्डन रिंगमध्ये तर निर्मात्यांनीच ६० एफपीएसची मर्यादा घातली आहे. रोज कोणता गेम खेळला जाणार, याचे उत्तर कार्डाच्या निवडीत निम्मे काम करून जाते.

कार्डांच्या चाचण्या वाचताना केवळ सरासरी एफपीएसवर विसंबू नये. सरासरी ९० असूनही अधूनमधून चित्र अडखळत असेल, तर खेळण्यात मजा राहत नाही. म्हणून चांगल्या चाचण्यांमध्ये सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेगही दिलेला असतो. सरासरी आणि हा आकडा यांत फार अंतर असेल, तर मेमरी किंवा प्रोसेसर कमी पडतो आहे असे समजावे.

ग्राफिक्स कार्ड : चिप आणि तिच्याभोवतीचे कार्ड

घरगुती संगणकात त्रिमितीय चित्रांसाठी वेगळे कार्ड लावण्याची प्रथा १९९६ मध्ये आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डाने रुजवली. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ बाजारात आणताना जीपीयू हा शब्द प्रचारात आणला. ग्राफिक्स चिप बनवणारी एटीआय ही कॅनडातील कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली, आणि त्यानंतर दीर्घकाळ ही बाजारपेठ एनव्हिडिया आणि एएमडी या दोघांतच वाटलेली होती. २०२२ मध्ये इंटेल आपल्या आर्क कार्डांसह तिसरा स्पर्धक म्हणून उतरली.

या कंपन्या मुख्यतः चिप तयार करवून घेतात. तिच्याभोवतीचे कार्ड, पंखे आणि वीजपुरवठ्याची मांडणी आसुस, एमएसआय, गिगाबाईट, झोटॅक, सफायर अशा कंपन्या करतात. एकाच चिपची स्वस्त आणि महाग अशी अनेक कार्डे दुकानात दिसतात. त्यांच्या वेगात सहसा थोड्याच टक्क्यांचा फरक असतो. जास्तीचे पैसे शांत पंखे, कमी तापमान आणि दिखाऊपणा यांचे असतात. एखाद्या चिपची सर्वांत महाग आवृत्ती तिच्या वरच्या चिपच्या साध्या आवृत्तीइतक्या किमतीला पडत असेल, तर वरची चिप घेणेच शहाणपणाचे. दोन स्वस्त आवृत्त्यांतून निवडताना वॉरंटीची वर्षे आणि सेवा केंद्राचे अंतर यांना पंख्यांच्या संख्येपेक्षा जास्त वजन द्यावे.

चिपमधल्या कोअरची संख्या, मेगाहर्ट्झ हे आकडे एकाच कंपनीच्या एकाच पिढीत तुलना करायला उपयोगी पडतात. एनव्हिडियाचे कोअर आणि एएमडीचे कोअर यांची थेट बरोबरी होत नाही. कार्डाची खरी पारख हव्या त्या गेममध्ये, हव्या त्या पडद्यावर घेतलेल्या चाचणीवरूनच होते.

कार्डावरची मेमरी

गेममधल्या भिंती, कपडे, झाडे यांवरची चित्रे, म्हणजे टेक्स्चर, कार्डावरच्या स्वतंत्र मेमरीत ठेवलेली असतात. तिला व्हीरॅम म्हणतात. ती पुरली नाही, तर कार्डाला संगणकाच्या मुख्य रॅमकडे धाव घ्यावी लागते. हा रस्ता कितीतरी पट संथ असल्याने गेम अचानक अडखळतो, किंवा टेक्स्चर धूसर दिसू लागतात. चिप कितीही वेगवान असली तरी या अडचणीवर तिच्याकडे उपाय नसतो, आणि व्हीरॅम नंतर वाढवताही येत नाही.

एनव्हिडियाच्या २०२१ च्या आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी मेमरी होती, तर २०२३ च्या आरटीएक्स ४०६० ला ८ जीबी. नवी चिप वेगवान होती, पण मेमरी घटली होती. २०२५ मधल्या आरटीएक्स ५०६० लाही ८ जीबीच मिळाली. स्पर्धात्मक गेम आणि १०८०पी पडदा एवढीच गरज असेल, तर ८ जीबी अजून चालते. नव्या दृश्यप्रधान गेमसाठी मात्र १४४०पी पडद्यावर १२ जीबी ही किमान आणि १६ जीबी ही निश्चिंतीची मर्यादा मानावी. फोर-केसाठी १६ जीबीपासूनच विचार करावा.

कार्ड मदरबोर्डाशी ज्या पीसीआय एक्सप्रेस खाचेतून बोलते, तिचीही गाठ याच प्रश्नाशी आहे. खाच १६ लेनची असली तरी सर्व कार्डे त्या साऱ्या लेन वापरत नाहीत. आरटीएक्स ४०६० आठ लेन वापरते. एएमडीच्या २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन होत्या आणि मेमरीही ४ जीबी. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्या कार्डाचा वेग लक्षणीयरीत्या पडत असे. जुन्या संगणकात नवे कार्ड बसवणाऱ्याने हा तपशील जरूर पाहावा.

नावांतले सापळे

कार्डाच्या नावातला शेवटचा शब्द किंवा जीबीचा आकडा नीट न वाचल्यामुळे चुकीची खरेदी वारंवार होते. आरटीएक्स ४०६० टीआय, ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही तिन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत निघाली. आरटीएक्स ३०५० चे २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे रूप मूळच्या ८ जीबीच्या रूपापेक्षा नुसत्या मेमरीनेच कमी नाही, तर त्याची चिपही कमी ताकदीची आहे. जीटी १०३० चे डीडीआर४ मेमरीचे रूप तर मूळ कार्डाच्या मानाने फारच संथ निघाले. २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० नावाने १६ आणि १२ जीबीची दोन कार्डे जाहीर केली होती; त्यांच्या चिप वेगळ्या असल्याने टीका झाली आणि १२ जीबीचे कार्ड त्या नावाने बाजारात येण्याआधीच मागे घेतले गेले. लॅपटॉपमध्ये हा घोळ आणखी वाढतो : डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० ला २४ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०९० ला १६ जीबी, आणि आतली चिपही लहान आहे.

रे ट्रेसिंग आणि अपस्केलिंग

प्रकाशाचे किरण खरोखर कसे परावर्तित होतील हे मोजून चित्र काढण्याच्या पद्धतीला रे ट्रेसिंग म्हणतात. २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून त्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग येऊ लागला. सुरुवातीची काही वर्षे ती चैन होती. आता चित्र पालटते आहे : डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५ चा डूम : द डार्क एजेस हे गेम रे ट्रेसिंगची सोय असलेल्या कार्डाशिवाय चालतच नाहीत. त्यामुळे अशी सोय नसलेले जुने कार्ड नव्या जुळणीसाठी कितीही स्वस्त मिळाले तरी टाळावे.

रे ट्रेसिंगचा भार हलका करण्यासाठी अपस्केलिंग आले. चित्र लहान मापात काढायचे आणि ते मोठे करून पडद्यावर मांडायचे, ही त्यामागची युक्ती. एनव्हिडियाच्या पद्धतीला डीएलएसएस, एएमडीच्या पद्धतीला एफएसआर आणि इंटेलच्या पद्धतीला एक्सईएसएस म्हणतात. डीएलएसएस आरंभापासून मशीन लर्निंगवर चालते. एएमडीने ही दिशा २०२५ मध्ये आरएक्स ९००० मालिका आणि एफएसआर ४ यांच्यासह धरली, आणि चित्राच्या दर्जातले अंतर बरेच कमी केले.

२०२२ मध्ये डीएलएसएस ३ सोबत फ्रेम जनरेशन आले, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घालणे. २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेसोबत अशा तीन फ्रेम घालण्याची सोय आली. यामुळे चित्र गुळगुळीत दिसते, पण कळ दाबल्यावर प्रतिसाद मिळण्याचा वेळ घटत नाही, उलट किंचित वाढतो. मूळ वेग ३० एफपीएस असेल, तर वाढवलेले १२० हे नावालाच १२० असतात. कंपन्यांच्या जाहिरातींतले आलेख वाचताना त्यात अशा फ्रेम धरल्या आहेत का, हे आधी पाहावे.

सध्याच्या पिढीतली निवड

२०२४ च्या अखेरीपासून २०२५ पर्यंत तिन्ही कंपन्यांची नवी पिढी बाजारात आली. खालच्या टोकाला इंटेलचे आर्क बी५८० आहे : १२ जीबी मेमरी आणि अमेरिकेत आरंभीची किंमत २४९ डॉलर. किमतीच्या मानाने मेमरी भरपूर, पण रीसाईझेबल बार ही मदरबोर्डावरची सोय चालू नसेल तर आर्क कार्डांचा वेग फार पडतो, आणि जुन्या प्रोसेसरसोबतही हे कार्ड खुलत नाही. त्यावर आरटीएक्स ५०६० आणि आरएक्स ९०६० एक्सटी येतात. ९०६० एक्सटीचे १६ जीबीचे रूप ३४९ डॉलरला जाहीर झाले, तर १६ जीबीचे ५०६० टीआय ४२९ डॉलरला.

१४४०पीसाठी आरटीएक्स ५०७० आणि आरएक्स ९०७० ही दोन्ही कार्डे ५४९ डॉलरला जाहीर झाली. पहिल्यात १२ जीबी मेमरी आहे, दुसऱ्यात १६. आरएक्स ९०७० एक्सटी आणि आरटीएक्स ५०७० टीआय ही फोर-केच्या उंबरठ्यावरची कार्डे. आरटीएक्स ५०८० ला १६ जीबी आणि ५०९० ला ३२ जीबी मेमरी आहे. ५०९० एकटे ५७५ वॅटपर्यंत वीज घेते आणि किमतीच्या मोजमापात बसत नाही. भारतात १८ टक्के जीएसटी आणि आयातदाराचा वाटा धरून किमती डॉलरच्या सरळ हिशेबापेक्षा चढ्या असतात. म्हणून दोन कार्डांची तुलना परदेशी किमतींवरून न करता त्या दिवशी इथल्या दुकानात असलेल्या किमतींवरूनच करावी.

ढोबळ नियम असा : गेमसोबत व्हिडिओ संपादन, ब्लेंडर किंवा मशीन लर्निंगचे काम करायचे असेल, तर कूडा या एनव्हिडियाच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेमुळे तिचे कार्ड सोयीचे पडते, कारण बरीच सॉफ्टवेअर आधी त्यासाठी लिहिली जातात. केवळ गेमच खेळायचे असतील, तर त्याच किमतीत जास्त मेमरी देणारे कार्ड निवडावे.

प्रोसेसर

गेमिंगसाठी सहा कोअर आणि बारा थ्रेड ही आज किमान पायरी आहे. एएमडीचे रायझन ५ ५६००, रायझन ५ ७६०० आणि इंटेलचा कोअर आय५ १२४००एफ हे या पायरीवरचे रुळलेले प्रोसेसर. १६ किंवा २४ कोअरचा प्रोसेसर व्हिडिओच्या कामाला उपयोगी पडतो. गेममध्ये त्याचा फायदा क्वचित दिसतो.

गेमला कोअरपेक्षा कॅश मेमरी जास्त मानवते. २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये चिपवर कॅशचा दुसरा थर चढवून एल३ कॅश ९६ एमबीपर्यंत नेली. पुढे ७८००एक्स३डी आणि २०२४ चा ९८००एक्स३डी त्याच वाटेने आले. १०८०पी पडद्यावर उच्च एफपीएस मिळवण्यात हे प्रोसेसर आघाडीवर आहेत. फोर-केवर मात्र भार कार्डावर असल्याने त्यांच्यात आणि मध्यम प्रोसेसरमध्ये फारसे अंतर उरत नाही. तिथे ते पैसे कार्डाकडे वळवावेत.

इंटेलच्या नावातला एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नाही. तो स्वस्त असतो, पण कार्ड बिघडले तर पडदा काळाच राहतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या अनेक प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढ्यांतला प्रोसेसर वापरलेला घेताना मदरबोर्डाचे बायोस, म्हणजे त्याचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत आहे का, हे पाहावेच.

मदरबोर्ड

मदरबोर्डाने गेमचा वेग वाढत नाही. तो पुढची वाट मोकळी ठेवतो किंवा बंद करतो. एएमडीचा एएम४ सॉकेट आता अखेरच्या टप्प्यात आहे. स्वस्त जुळणीला तो अजून योग्य आहे, पण पुढे वर चढायला जागा थोडी. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट १२ ते १४ या पिढ्यांपुरता होता. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ लागतो.

बहुतेकांना बी मालिकेचा चिपसेट, म्हणजे बी५५०, बी६५०, बी८५० किंवा बी७६० पुरतो. पाहायचे ते एवढेच : प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक असावी, एसएसडीसाठी एम.२ च्या किमान दोन खाचा असाव्यात, रॅमच्या चार खाचा असाव्यात आणि प्रोसेसर न बसवताही बायोस बदलण्याची सोय असावी. दुकानात पडून राहिलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, तेव्हा ही शेवटची सोय कामी येते. व्हॅलोरंट आणि बॅटलफिल्ड ६ सारखे गेम सुरक्षित बूट आणि टीपीएम या सुरक्षेच्या सोयींची अट घालू लागल्याने फार जुने बोर्ड आता अडचणीचे ठरतात.

रॅम आणि साठवण

१६ जीबी रॅम ही किमान गरज आणि ३२ जीबी ही सुखाची. ती दोन स्टिकमध्ये घ्यावी, कारण एकाच स्टिकवर मेमरीचा मार्ग निम्मा होतो आणि एफपीएस घटतात. चार खाचांच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. एएम५ साठी डीडीआर५ ६००० ही मोजून घेतलेली निवड आहे. त्यापुढच्या वेगाचा लाभ खर्चाच्या मानाने थोडा. रॅम घेतल्यावर बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी हे रॅमच्या वेगाचे प्रोफाइल चालू करावे लागते. ते राहून गेले तर महाग रॅम स्वस्त रॅमच्या वेगाने चालत राहते, आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही.

२०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरीची मागणी वाढल्याने रॅमच्या किमती भडकल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अशा काळात १६ जीबीची दोन स्टिकची जोडी घेऊन सुरुवात करणे आणि वाचलेले पैसे कार्डात घालणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

साठवणीसाठी किमान १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी असावी. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते. असे चारपाच गेम म्हणजे डिस्क भरलीच. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी, पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या एसएसडीचा ३,५०० आणि चौथ्या पिढीच्या एसएसडीचा ७,००० एमबीपर्यंत जातो. पाचव्या पिढीची एसएसडी १०,००० च्या पुढे जाते, पण गेम उघडण्याच्या वेळेत त्याने फारसा फरक पडत नाही. हार्ड डिस्क फोटो आणि चित्रपटांसाठी ठेवावी, गेमसाठी नाही.

एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

काटकसरीची कुऱ्हाड बहुतेक वेळा एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर, पडते, आणि तोच भाग बिघडला तर सोबत इतरांनाही घेऊन जाऊ शकतो. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस गेमिंग संगणकात वापरू नये. आरटीएक्स ५०६० साठी ५५० वॅट, ५०७० साठी ६५०, ५०७० टीआयसाठी ७५० आणि ५०८० साठी ८५० वॅट अशी एनव्हिडियाची शिफारस आहे. ८० प्लस ब्राँझ, गोल्ड ही चिन्हे विजेचा अपव्यय किती कमी होतो ते सांगतात; आतल्या भागांच्या टिकाऊपणाची हमी देत नाहीत. म्हणून त्या नेमक्या मॉडेलची चाचणी आणि वॉरंटी पाहावी. चांगल्या एसएमपीएसला सात ते दहा वर्षांची वॉरंटी असते.

नवी कार्डे क्षणभर बरीच जास्त वीज ओढतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात असे झटके सोसण्याची अट आहे. त्याच सुमारास आलेल्या १६ पिनच्या कनेक्टरमधून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. तो अर्धवट बसल्यास तापून वितळल्याचे प्रकार आरटीएक्स ४०९० मध्ये गाजले आणि २०२३ मध्ये कनेक्टरची रचना सुधारण्यात आली. कनेक्टर शेवटपर्यंत दाबून बसवावा आणि त्याच्या तोंडाशीच वायर मुडपू नये. एका कंपनीच्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. आकार जुळला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि भाग जळतात.

वीज जाण्याची सवय असलेल्या भागात यूपीएस लागतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम चालू असताना मध्यम कार्डाचा संगणकही मॉनिटरसह त्या मर्यादेला भिडतो. १००० व्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस घ्यावा, आणि शक्य तर प्युअर साईन वेव्हचा. जुन्या घरांत अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घेण्याचा खर्च सर्व भागांच्या तुलनेत किरकोळ असतो.

कॅबिनेट आणि थंडावा

थंड देशांतल्या चाचण्यांमध्ये खोलीचे तापमान वीसबावीस अंश असते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या आसपास जातो. खोली जेवढी तापलेली, तेवढी प्रत्येक भागाच्या तापमानात भर. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की कार्ड आणि प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतात. म्हणून पुढची बाजू काचेने बंद केलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे कॅबिनेट बरे. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा, एवढी मांडणी मध्यम संगणकाला पुरते. धुळीसाठी काढता येणारी जाळी असावी आणि ती महिन्यातून एकदा झटकावी.

सहा ते आठ कोअरच्या प्रोसेसरला चांगला टॉवर कूलर पुरतो. पाण्याच्या कूलरची गरज वरच्या टोकालाच पडते. कार्डाची लांबी, कूलरची उंची आणि कॅबिनेटमधली मोकळी जागा ही तीन मापे खरेदीपूर्वी कागदावर जुळवावीत. तीन पंख्यांची कार्डे ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात. जड कार्डाला खालून आधारही द्यावा लागतो.

बाजार आणि जुना माल

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि दिल्लीत नेहरू प्लेस या सुट्या भागांच्या जुन्या पेठा. ऑनलाइन दुकानांनी किमती उघड केल्यापासून घासाघीस कमी झाली आहे, तरी सगळे भाग एकत्र घेतल्यास दर अजूनही उतरतात. पक्के बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण वॉरंटीचा दावा त्याच कागदावर उभा राहतो. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या कार्डाला भारतात वॉरंटी लागू आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

२०२० ते २०२२ या काळात क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डांचे भाव गगनाला भिडले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धत सोडली आणि वापरलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. अशा कार्डाची चिप बहुधा शाबूत असते; झिजतात ते पंखे आणि वाळतात ते थर्मल पॅड. वापरलेले कार्ड घेताना ते चालू करून अर्धा तास भारी गेम चालवावा, तापमान पाहावे आणि जीपीयू-झेड सॉफ्टवेअरने चिपची ओळख पटवावी. जुन्या चिपवर नव्या नावाचे बायोस चढवून विकण्याचे प्रकार होतात. तसेच एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहेत. १०६० किंवा १०८० टीआय स्वस्त दिसले, तरी त्यांचे उरलेले आयुष्य थोडे आहे.

पैशांची वाटणी

मॉनिटर वगळून एकूण खर्चाच्या ३५ ते ४५ टक्के रक्कम कार्डाला आणि १५ ते २० टक्के प्रोसेसरला दिली, तर जुळणी सहसा समतोल राहते. १०८०पीच्या स्पर्धात्मक खेळांसाठी रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर, ८ ते १२ जीबीचे कार्ड आणि १६ जीबी रॅम पुरते. १४४०पीच्या सर्वसाधारण खेळांसाठी रायझन ५ ७६००, १६ जीबी मेमरीचे कार्ड, ३२ जीबी रॅम आणि ६५० ते ७५० वॅटचा एसएमपीएस ही सर्वांत समाधान देणारी पायरी आहे. फोर-केसाठी आरएक्स ९०७० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०७० टीआयपासून पुढे जावे आणि वाढीव रक्कम प्रोसेसरपेक्षा कार्डालाच द्यावी.

जुळणी झाल्यावर चार गोष्टी तपासाव्यात : मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डाला लावली आहे का, बायोसमध्ये रॅमचा वेग आणि रीसाईझेबल बार चालू आहेत का, विंडोजमध्ये मॉनिटरचा पूर्ण रिफ्रेश रेट निवडला आहे का, आणि तासभर खेळल्यावर तापमान किती होते. पैसे कमी पडत असतील तर दिवे, काच, महाग मदरबोर्ड आणि वेगाची शर्यत लावणारी एसएसडी यांत कपात करावी. व्हीरॅम आणि एसएमपीएस यांत कपात करू नये. पहिली नंतर वाढवता येत नाही, आणि दुसऱ्यातली बचत बाकीच्या भागांच्या जिवावर उठते.